उन्हाची शिदोरी

वैशाखातला सूर्य मावळून दोन-तीन घटका झालेल्या असतात, रस्त्यावरची वर्दळ ओसरू लागलेली असते, मुसी नदीच्या अंगाने वाऱ्याची एखादी झुळूकही येऊन जाते. तथापि हैदराबादेतील अंबरपेठेच्या दाट वस्तीत घरात पाऊल टाकावे तो वरून धग अंगावर येते. ऊन केव्हाच गेलेले असते. पण छताने ते सोडलेले नसते. दिवसभर भाजून निघालेला काँक्रीटचा स्लॅब आता आपली साठवण हळूहळू खाली उतरवीत असतो. पंखा लावला तर तीच तापलेली हवा खोलीत फिरते. कामावरून दमून आलेला मनुष्य, तान्हे मूल, घरातील वृद्ध या सर्वांची झोप मध्यरात्रीपर्यंत त्या छताच्या मर्जीवर अवलंबून राहते.

ही साठवण लहानसहान नसते. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे २९० किलो वजनाचा भरतो. सकाळपासून दुपारपर्यंत त्याचे तापमान २० अंशांनी वाढले, तर त्यात मुरलेली उष्णता १५ ते १६ लिटर साधे पाणी उकळीस आणण्याइतकी होते. म्हणजे १० चौरस मीटरांच्या एका खोलीच्या माथ्यावर दीडशे लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता रोज आपोआप जमा होते. आणि त्याच खोलीत संध्याकाळचा भात शिजविण्यासाठी मात्र विकतचा गॅस लागतो! नको तेथे, नको त्या वेळी उष्णता आहे. हवी तेथे, हवी तेव्हा ती नाही. सूर्यशक्तीच्या सबंध इतिहासाचे मर्म या विसंगतीत सामावलेले आहे. सूर्याची उष्णता गोळा करणे मानवाला बरेच आधी साधले. ती राखून ठेवणे आणि नको असेल तेव्हा परतवून लावणे साधण्यास मात्र फार काळ लागला. हे दुसरे काम यंत्ररचनेपेक्षा पदार्थांच्या अंगच्या गुणांवर अधिक अवलंबून होते.

पदार्थांचे हे गुण घरोघरच्या गृहिणींस पूर्वापार ठाऊक आहेत. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर निखारे राखेखाली झाकले, म्हणजे पहाटे नुसत्या फुंकरीने जाळ होतो. चुलीच्या वैलावर सरकवलेली आमटी जेवणवेळेपर्यंत गरम राहते. लोखंडी तवा आच ओढून घेतल्यावरही शेवटची भाकरी भाजून देतो. राख उष्णता बाहेर पडू देत नाही, लोखंड ती धरून ठेवते, तांबे ती त्वरेने पुढे पोहोचविते. काळा पृष्ठभाग ऊन पिऊन घेतो, पांढरा ते परत फेकतो. काचेचा स्वभाव आणखी निराळा. ती प्रकाश आत घेते. परंतु आत तापलेल्या वस्तूतून निघणारी उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. स्वित्झर्लंडमधील ओरास द सोस्यूर याने १७६७ मध्ये काचेची झाकणे असलेली पेटी करून उन्हात ठेवली, तेव्हा आतील तापमान पाणी उकळण्याच्या बिंदूपलीकडे गेले. शास्त्राने या सर्व गुणांना मोजमाप दिले. गुण जुनेच होते.

या मोजमापाच्या बळावर सूर्याला कामास जुंपण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईत झाला. एकोणिसाव्या शतकाचे ते आठवे दशक. मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी उभी राहात होती आणि त्यांना लागणारा कोळसा बव्हंशी विलायतेहून जहाजांनी येत होता. घरगुती चुलींना व आगगाड्यांना लाकूड पुरविता पुरविता डोंगर बोडके होत चालले होते. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनला भीषण दुष्काळाने ग्रासले आणि १८७८ मध्येच नवा वन कायदा होऊन सरकारी जंगलांवरील निर्बंध अधिक कडक झाले. जळणाचा प्रश्न हा गिरणीमालकाचा तसाच मोळीविक्याचाही प्रश्न होता.

अशा काळात मुंबईच्या उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाचे लक्ष डोक्यावरच्या सूर्याकडे गेले. त्याचे नाव घेताना एक खुलासा करणे अवश्य आहे. १८७६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील विल्यम ग्रिल्स अॅडम्स व रिचर्ड डे यांनी सेलेनियम या पदार्थावर प्रकाश पडताच त्यातून वीज निघते हे दाखवून दिले. आजच्या सौर पट्ट्यांची वंशावळ तेथवर जाते. नामसाधर्म्यामुळे हे दोघे अॅडम्स एकच समजण्याची चूक पुष्कळदा होते. प्राध्यापक अॅडम्स उन्हातून वीज काढीत होता. मुंबईचा अॅडम्स न्यायालयाचे दप्तर सांभाळून उन्हातून वाफ काढण्याच्या खटपटीत होता.

त्याची पहिली कृती चुलीची होती. लाकडाचा आठ बाजूंचा, शंकूच्या आकाराचा एक घमेल्यासारखा साचा; त्याच्या आतील अंगाला चांदीचा मुलामा दिलेल्या काचेचे आरसे; मधोमध काळा रंग दिलेले तांब्याचे भांडे आणि त्यावर काचेची हंडी. या साध्या रचनेत प्रत्येक पदार्थ आपापल्या गुणानुसार कामास लावला होता. आरसा ऊन एकवटीत होता, काळा रंग ते शोषीत होता, तांबे ते अन्नाला पोहोचवीत होते आणि काच ते कोंडून ठेवीत होती. जानेवारी हा मुंबईतला सर्वांत थंड महिना. त्या महिन्यात या चुलीवर ७ शिपायांचे मांस व भाजीपाला दोन तासांत शिजला, आणि नेहमीच्या चुलीपेक्षा तो चांगला शिजला असा निर्वाळा जेवणाऱ्यांनीच दिला. १८७८ मध्ये ही हकिकत अमेरिकेतील शास्त्रीय नियतकालिकातही प्रसिद्ध झाली.

चुलीवर न थांबता अॅडम्स बॉयलरकडे वळला. फ्रान्समध्ये तूर येथील गणिताचा शिक्षक ओग्युस्तँ मूशो याने त्यापूर्वीच सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे यंत्र चालविले होते. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याने उन्हाच्या बळावर बर्फ तयार करून दाखविला. परंतु मूशोचा परावर्तक म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचे एक मोठे, वक्र पात्र होते. ते घडविण्यास महाग आणि हवेने काळवंडणारे. अॅडम्सने हा मार्ग सोडला. बाजारात सहज मिळणाऱ्या काचेचे १७ इंच लांब व १० इंच रुंद असे सपाट आरसे त्याने एका मोठ्या चौकटीत बसविले आणि प्रत्येकाचा कोन असा लावला की, सर्वांचे कवडसे एकाच ठिकाणी पडावेत. बॉयलर जागच्या जागी स्थिर. आरशांची चौकट मात्र त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रुळावर सूर्याच्या चालीप्रमाणे माणसाने सरकवावयाची. ७२ आरशांनी सुमारे ६५० अंश सेल्सिअस एवढे तापमान मिळाले. पुढे अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन त्याने मुंबईत आपल्या बंगल्याच्या आवारात या रीतीने चालवून दाखविले. न्यायालयातील एका अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून केलेला हा उद्योग, त्या काळाचा विचार करता, असामान्यच म्हणावा लागेल.

आपल्या प्रयोगांचा वृत्तान्त त्याने १८७८ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधातील देशांत सूर्याची उष्णता हे जळणाचे प्रतिरूप होऊ शकेल, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ते सप्रयोग सिद्ध झालेले होते. तरीही यंत्राला अनुयायी लाभले नाहीत.

याचे कारण केवळ सरकारी अनास्थेत शोधणे योग्य होणार नाही. रेल्वेचे जाळे वाढले तसा कोळसा अधिक सुलभ झाला, हे खरे. पण मुख्य अडचण यंत्राच्या स्वभावातच होती. सूर्य ढगाआड गेला की वाफ बसे. सूर्य मावळला की इंजिन थंड होई. अॅडम्सचे यंत्र हातावर पोट असलेल्या मजुरासारखे होते. रोजचे मिळवी, पण गाठीस काही बांधीत नसे. कोळशाचा मोठेपणा नेमका येथे आहे. कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेले ऊनच. तो कोठारात पडून राहतो आणि मध्यरात्री हाक मारली तरी हजर होतो. उन्हाला कोळशाशी सामना करावयाचा, तर त्यालाही साठवणीचे कोठार हवे होते.

हाच अनुभव पुढे स्वतंत्र भारतात आला. १९५० मध्ये दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. के. एस. कृष्णन तिचे संचालक होते. त्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अॅल्युमिनियमच्या वक्र परावर्तकाची सूर्यचूल सिद्ध झाली आणि मुंबईच्या एका कारखान्याने ती बाजारातही आणली. जगभर तिची वार्ता गेली. चूल शास्त्रदृष्ट्या निर्दोष होती. परंतु तीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला भर दुपारी उन्हात उभे राहून, थोड्या थोड्या वेळाने परावर्तक फिरवीत बसावे लागे. आणि पुष्कळ घरांतले मुख्य जेवण रात्रीचे! शेतातून, गिरणीतून माणसे परतत तेव्हा सूर्य मावळलेला असे. बाईने लाकडाची चूल सोडली नाही, यात तिचे अडाणीपण नव्हते. तिला उष्णता संध्याकाळी हवी होती आणि चुलीला ती दुपारीच देता येत होती.

साठवणीच्या प्रश्नाला नेमकेपणाने हात घालणाऱ्यांत मारिया टेल्केश या हंगेरीत जन्मलेल्या विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९४८ मध्ये अमेरिकेतील डोव्हर या गावी एक घर बांधण्यात आले. त्याची वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची होती व खर्च अमेलिया पीबॉडी यांनी सोसला. या घरातील ऊब साठविण्याची योजना टेल्केश यांची. त्यांनी त्यासाठी ग्लाउबर क्षार निवडला. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल तेल गोठते व उन्हात ठेवताच वितळते, हे सर्वांच्या पाहण्यात आहे. वितळताना पदार्थ बरीच उष्णता गिळून टाकतो आणि तरी त्याचे तापमान वाढत नाही. पुन्हा गोठताना तीच उष्णता तो परत देतो. शास्त्रात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लाउबर क्षार सुमारे ३२ अंशांना वितळतो. त्याचा एक किलो वितळविण्यास जी उष्णता लागते, तेवढीत एक किलो पाण्याचे तापमान ६० अंशांनी वाढेल. दिवसा क्षार वितळावा, रात्री गोठावा आणि घर उबदार राहावे, अशी ही सुंदर कल्पना होती. एक-दोन हिवाळे घर चांगले तापले. पुढे मात्र वितळण्या-गोठण्याच्या फेऱ्यांत क्षाराचे थर निराळे होऊ लागले, तो ज्या डब्यांत भरला होता ते डबे गंजले आणि योजना सोडून द्यावी लागली. परंतु उन्हाला कोठार बांधता येते, हे सिद्ध झाले होते. कोठाराचा पदार्थ तेवढा टिकाऊ शोधावयाचा होता.

भारतात या विषयाला शिस्तबद्ध शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक सुहास पांडुरंग सुखात्मे यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. उष्णतेचे संक्रमण हा त्यांचा विषय. १९८३ मध्ये त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले. १९९५ ते २००० या काळात ते त्या संस्थेचे संचालक होते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सौरऊर्जेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या नावातच उष्णतेचे संकलन आणि साठवण हे दोन्ही शब्द जोडीने आले आहेत. अभियंत्यांच्या अनेक पिढ्या या ग्रंथावर वाढल्या. संकलन हे निम्मेच काम आहे आणि साठवणीचा हिशेब केल्यावाचून सूर्ययंत्राचा आराखडा पुरा होत नाही, ही जाण पाठ्यक्रमात रुजली.

तिची फळे मराठी मुलुखात दिसू लागली. लातूर हे गाव १९५६ पर्यंत, अंबरपेठेप्रमाणेच, हैदराबाद राज्यात होते. तेथील दुग्धालयात २००६ मध्ये 'अरुण' नावाची एक प्रचंड सूर्यतबकडी उभी राहिली. तिच्यामागे मुंबईच्या त्याच संस्थेतील शिरीष केदारे यांचे परिश्रम होते. ते पुढे २०२४ मध्ये त्या संस्थेचे संचालक झाले. सुमारे १६० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या या तबकडीत एक अखंड वक्र आरसा नाही. लहान लहान सपाट आरसे चौकटीत बसवून ती केलेली आहे. अॅडम्सच्या आवारातील चौकटीची आठवण येथे झाल्यावाचून राहात नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तबकडीने तापविलेले दाबाखालचे पाणी उष्णतारोधक वेष्टनाच्या टाकीत राखून ठेवण्याची योजना येथे केली होती, आणि दूध तापविण्याची वेळ सूर्याने ठरवावी अशी सक्ती उरली नव्हती. २००९ मध्ये शिर्डीच्या साईसंस्थानाच्या प्रसादालयावर ७३ सूर्यतबकड्या बसून वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला. राजस्थानात अबूच्या पायथ्याशी ब्रह्माकुमारी संस्थेने ७७० तबकड्यांचे एक मेगावॅटचे केंद्र उभारले. तेथील साठवणीचा पदार्थ कोणता? ओतीव लोखंड! प्रत्येक तबकडीच्या केंद्राशी लोखंडाचा जड गाभा दिवसभर तापतो आणि रात्री वाफ देतो. भाकरीच्या तव्याचाच हा विस्तार.

स्पेनमध्ये सेव्हिल नगराजवळ २०११ मध्ये सुरू झालेल्या वीजकेंद्राने तर रात्र जिंकली. मधोमध एक उंच मनोरा आणि भोवती सूर्याबरोबर वळणारे २,६५० आरसे अशी त्याची रचना आहे. बॉयलर स्थिर व आरसे फिरते, हे अॅडम्सचेच सूत्र. मनोऱ्यावर तापतो तो पोटॅशियम आणि सोडियम या दोहोंच्या नायट्रेटांचा वितळलेला रस. त्यातील पहिला म्हणजे आपल्याकडे दारूकामात वापरला जाणारा सोरा. ५६५ अंशांना तापविलेला हा रस टाकीत भरून ठेवला, म्हणजे सूर्य नसताना १५ तास वीज निघू शकते. आज सौर पट्ट्या स्वस्त झाल्या आहेत आणि विजेसाठी त्यांचा मार्ग सुकर आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दूध तापविणे, कापड रंगविणे, अन्न शिजविणे या कामांना मुळात उष्णताच हवी असते, आणि उष्णता साठविणे वीज साठविण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

आता पुन्हा अंबरपेठेच्या छताखाली येऊ. ज्या गुणामुळे लोखंड आणि सोरा उपकारक ठरले, त्याच गुणामुळे काँक्रीटचा स्लॅब तापदायक ठरला. तेव्हा येथे उपाय उलट दिशेचा हवा: ऊन मुळात मुरूच देऊ नये. हैदराबादेत या दिशेने झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. तेथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक विशाल गर्ग आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ यांनी हैदराबादेतील इमारतींची छते मोजून पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, काळ्या छताला पांढरा लेप दिल्यास दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिट वीज वाचते, आणि थंडाव्यासाठी लागणारी वीज १४ ते २६ टक्क्यांनी घटते. उघड्या काँक्रीटच्या छतावर हीच बचत १० ते १९ टक्के येते. हे आकडे वातानुकूलित इमारतींचे आहेत. ज्या घरात वातानुकूलन यंत्रच नाही तेथे बचत विजेच्या देयकात दिसत नाही. ती अंगाला जाणवते. २०१७ मध्ये हैदराबादच्याच देवरकोंडा वस्तीतील २५ गरीब घरांच्या छतांवर परावर्तक आच्छादन घालून पाहिले, तेव्हा आतील हवा सरासरी २ अंशांनी निवल्याचे आढळले. दोन अंश हा आकडा कागदावर क्षुल्लक दिसतो. उन्हाळ्याच्या रात्री झोप येणे आणि न येणे यांतले अंतर पुष्कळदा एवढेच असते.

तेलंगण सरकारने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छतांचे धोरण जाहीर केले. २०२८ पर्यंत राज्यात ३०० चौरस किलोमीटर छते अशी करावयाची, त्यांपैकी २०० चौरस किलोमीटर हैदराबाद परिसरात, असा त्यात संकल्प आहे. देशातील राज्यपातळीवरचे हे पहिलेच धोरण होते. संकल्पापुढच्या अडचणीही लक्षात घेतल्या पाहिजेत. पांढरा लेप धुळीने मळतो, तो वरचेवर धुवावा लागतो, काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय घर भाड्याचे असेल, तर लेपाचा खर्च मालकाचा आणि उकाडा भाडेकऱ्याचा, असा पेच पडतो. आरसे लावणाऱ्या अॅडम्सला जशी सूर्याची चाल विचारात घ्यावी लागली, तशी या कामात माणसांच्या संसाराची चाल विचारात घ्यावी लागेल. १९५० नंतरच्या सूर्यचुलीची कहाणी हाच धडा देते.

मुंबईच्या बंगल्यातील प्रयोगाला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. सूर्य तेव्हा होता तेवढाच आजही आहे. आरसेही तेव्हा होते. मधल्या काळात मानवाने शिकली ती मुख्यतः संसारी गृहिणीची विद्या: मिळालेले कशात भरावे, कशाने झाकावे, केव्हा काढावे आणि नको असलेले दारातूनच कसे परत लावावे. ही विद्या लातूरच्या दुग्धालयात पोहोचली, स्पेनच्या मनोऱ्यावर पोहोचली. अंबरपेठेतील एका खोलीच्या छतावर ती पोहोचेल आणि त्या खोलीतील तान्हे मूल वैशाखाच्या रात्री दहा वाजता स्वस्थ झोपी जाईल, तेव्हाच तिचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.